पावतीपुस्तकाच्या पुढे

कृष्णाकाठच्या दोन मोठ्या शिक्षणकार्यांची सुरुवात एकाच वर्षी झाली. १९१९ साली सांगली-मिरजेच्या मध्ये विलिंग्डन महाविद्यालय निघाले. पाठीशी पुण्याची डेक्कन एज्युकेशन सोसायटी होती आणि नाव मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कऱ्हाडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. पैसा उभा करायची अडचण दोघांनाही होती, पण सोसायटीकडे त्या कामाचा पस्तीस वर्षांचा सराव होता. भाऊरावांकडे होती ती विक्रेत्याची जीभ आणि पायपीट.

भाऊराव फिरते विक्रेते होते, ही गोष्ट पुतळ्यांच्या गर्दीत मागे पडते. ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर खपवत ते गावोगाव हिंडले होते. कोणाच्या ओसरीवर कधी जावे, कोणाला हिशेबाने पटते आणि कोणाला शब्दाने, हे त्यांना तिथेच उमगले असणार. पुढे मुष्टिफंड आला. घरोघरी बायका रोजच्या धान्यातली एक मूठ बाजूला ठेवत, ते साठले की रयतच्या वसतिगृहाच्या कोठीत जाई. त्यातून किती पोती जमली यापेक्षा मला दुसरेच महत्त्वाचे वाटते: मूठ घालणारी बाई त्या वसतिगृहाला आपले म्हणू लागे. आणि कोठी रिकामी पडली तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडले. असल्या त्यागाची परीक्षा कुठले मंडळ घेणार?

तरीही निधी उभारण्याच्या कामाची परीक्षा घेणारे मंडळ आहे. अमेरिकेत १९८१ पासून ‘सर्टिफाइड फंड रेझिंग एक्झिक्युटिव्ह’, थोडक्यात सीएफआरई, हे प्रमाणपत्र दिले जाते, आणि आता ते इतर देशांतही चालते. नुसता अभ्यास करून परीक्षेला बसता येत नाही. आधी काही वर्षे निधी संकलनाचे प्रत्यक्ष काम, प्रशिक्षणाचे ठरलेले तास आणि जमवलेल्या निधीचा पुरावा दाखवावा लागतो. दात्यांची माहिती काढणे, देणगी मागणे, संबंध टिकवणे, स्वयंसेवकांना कामाला लावणे, कारभार आणि नीतिनियम असे विषय असतात. दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. विद्यापीठांत हे काम करणाऱ्यांची ‘केस’ नावाची वेगळी संघटना १९७४ पासून आहे. दात्याच्या हक्कांची दहा कलमी सनद तयार करण्यात तिचाही हात होता. आपला पैसा कुठे गेला हे विचारण्याचा हक्क त्या सनदेत आहे.

या व्यवसायाच्या नीतिनियमांतला एक नियम आपल्याकडच्या अनेकांना झोंबेल. जमवलेल्या रकमेवर टक्केवारी घ्यायची नाही. पगार घ्या, ठरलेले मानधन घ्या, कमिशन नाही. पावतीपुस्तक देऊन माणूस गावात सोडायचा आणि शेकड्यावर त्याचा वाटा ठरवायचा, ही रीत ज्याने पाहिली आहे त्याला या नियमाचे मोल वेगळे सांगायला नको.

दुसरा कळीचा भाग म्हणजे देणगी केव्हा घ्यायची आणि कुठल्या अटीवर. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. एका धनिकाने मोठी रक्कम देऊ केली, पण कॉलेजला स्वतःच्या घरचे नाव मागितले, आणि भाऊरावांनी ती रक्कम नाकारली, अशी कथा साताऱ्यात अजून सांगतात. त्याच साली सांगलीत धोंडूमामा साठ्यांनी न्यू इंजिनिअरिंग कॉलेज काढले. १९५५ मध्ये मोठ्या देणगीनंतर त्याचे वालचंद कॉलेज झाले, आणि त्या नावाने पुढे पिढ्यान् पिढ्या इंजिनिअर घडवले. एकाने नाव राखले, दुसऱ्याने बदलले. मला यातले कोणी चुकले असे वाटत नाही. मात्र दोन्ही निर्णय माणसांच्या अंगच्या शहाणपणावर झाले. आज असा प्रस्ताव आला तर सचिवांच्या टेबलावर लिखित धोरण असते का? कुठली रक्कम घ्यायची नाही, नाव किती वर्षांसाठी द्यायचे, दाता पुढे अडचणीत आला तर काय करायचे, हे आधी कागदावर उतरवून ठेवायला प्रमाणित माणूस शिकलेला असतो.

मधल्या काळात विश्वास मात्र आटला, आणि त्याचा धागाही सांगलीशीच जुळतो. १९८३ साली सांगलीच्या वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. ग्रामीण पोरांना दारे उघडली हे खरे. पण प्रवेशासाठी ‘डोनेशन’ मोजायची पद्धतही बोकाळली आणि १९८७ मध्ये कॅपिटेशन फीविरोधी कायदा करावा लागला. तेव्हापासून कॉलेजचा माणूस देणगी मागायला आला की पालकाच्या कपाळावर आठी पडते. ती आठी भाषणाने जात नाही, हिशेबाने जाते.

हिशेब ठेवतो कोण? बहुतेक कॉलेजांत हे काम एका ज्येष्ठ लिपिकाच्या गळ्यात असते, परीक्षा विभाग सांभाळून. माजी विद्यार्थी मेळावा होतो, फेटे बांधले जातात, जेवणाच्या पंगतीत कोणीतरी पन्नास हजार बोलतो. पावतीवर पॅन नंबर लिहायचा राहतो. २०२१-२२ पासून आयकरातल्या ८०-जीच्या सवलतीसाठी संस्थेने दात्यागणिक ‘दहा-बीडी’ विवरण भरायचे ठरले, मुदत ३१ मे, उशीर झाला तर दिवसाला दोनशे रुपये. रोख दोन हजारांच्या वर असेल तर सवलतच नाही. दात्याला प्रमाणपत्र वेळेवर मिळाले नाही की तो भांडत नाही, पुढच्या वर्षी फोन उचलत नाही. मूल्यांकन करणारे नॅकवाले पाचव्या निकषात माजी विद्यार्थ्यांचे योगदान विचारतात, तेव्हा जुन्या रजिस्टरांची धावाधाव सुरू होते.

मुंबईच्या आयआयटीत १९९८ च्या तुकडीने २०२३ मध्ये सत्तावन्न कोटी जाहीर केले, त्याच वर्षी नंदन निलेकणींनी तीनशे पंधरा कोटी. ते आकडे आपल्या तालुक्याच्या कॉलेजला लागू नाहीत, कबूल. पण तिथे माजी विद्यार्थ्यांशी संबंध ठेवायला स्वतंत्र अधिष्ठाता आहे. आपल्याकडे कोण कुठे नोकरीला लागला ही माहिती एखाद्या निवृत्त प्राध्यापकाच्या डोक्यात असते, आणि त्यांच्याबरोबरच जाते.

प्रमाणपत्राच्या मर्यादाही आहेत. परीक्षा इंग्रजीत, शुल्क डॉलरमध्ये. मृत्युपत्रातून विद्यापीठाला घर देणाऱ्या आजीबाईंचा अभ्यास करून आलेला माणूस खटाव-माणच्या दुष्काळी पट्ट्यात बावचळेल. ८०-जी, धर्मादाय आयुक्त, कंपन्यांच्या सामाजिक निधीचे कलम १३५ आणि परदेशी देणग्यांचा एफसीआरए हे सगळे त्याला इथेच शिकावे लागेल. शिवाय पूर्णवेळ कामाची अट त्या लिपिकाला पहिल्याच पायरीवर अडवते, कारण त्याचे पूर्णवेळ काम परीक्षेचे अर्ज तपासणे हेच आहे.

म्हणून सुरुवात जागा निर्माण करण्यापासून व्हायला हवी. २०२१ मध्ये साताऱ्यात रयतच्या तीन महाविद्यालयांचे मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झाले. तीन कॉलेजांचा एक कार्यालयीन माणूस, पूर्ण पगारी, हा हिशेब तिथे सहज बसेल. सांगलीतल्या छोट्या संस्थांनीही चार-पाच जणींनी मिळून एक माणूस नेमायला हरकत नाही. तीन वर्षे त्याला काम करू द्यावे, मग परीक्षेचे शुल्क संस्थेने भरावे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने यावर मराठीत सहा महिन्यांचा अभ्यासक्रम काढला तर पहिल्या तुकडीत ज्येष्ठ लिपिकांना आधी बसवावे. पावतीवर पॅन नंबर का राहतो, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नाही.