जुनी बाईक गचके खाते? गॅरेज गाठण्याआधी चोक ओढून बघा

चोर्ला घाटात ट्रकला ओव्हरटेक करताना रेस पिळावी आणि नेमका तेव्हाच गाडीने गचका खावा, की जीव टांगणीला लागतो. २०२० मध्ये बीएस-६ नियम लागू होण्याआधीच्या बहुतेक लहान बाईकना कार्बोरेटर आहे. दोष तिथलाच म्हणून तो बदलण्याचा खर्च करण्याआधी चार गोष्टी घरीच तपासता येतात.

टाकीचं झाकण : गाडी काही अंतर नीट धावून मग दम टाकते? झाकण उघडा. ‘सुस्स’ आवाज आला आणि गाडी परत नीट चालली, तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलंय.

प्लग : इंजिन गार झाल्यावर काढा. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. काळी काजळी म्हणजे बहुधा पेट्रोल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर बघा. पांढरंफटक म्हणजे पेट्रोल कमी.

चोक : गरम इंजिनवर क्षणभर अर्धा ओढा. गचके कमी झाले, तर पेट्रोल अपुरं पडतंय. जेट चोंदलाय किंवा कार्बोरेटरच्या जोडातून हवा शिरतेय.

रेस : थोड्या रेसला गचका असेल तर संशय पायलट जेटवर, पूर्ण रेसला असेल तर मेन जेटवर.

महिनोन्महिने उभ्या गाडीत पेट्रोल सुकून जेटात चिकट थर बसतो. अशा वेळी अनेकदा नुसत्या साफसफाईनं काम भागतं. मेस्त्रीला ‘गाडी मिसिंग मारते’ एवढंच न सांगता, वरचं निदान सांगावं.