तबकडीवरचा खंजीर

जुनी घड्याळे जमवणाऱ्यांच्या बोलण्यात ओमानचे नाव वारंवार निघते. त्या देशात घड्याळे बनत नाहीत. मग हे नाव कशामुळे? तर एका सुलतानाच्या भेटींमुळे.

सुलतान काबूस बिन सैद २३ जुलै १९७० रोजी वडिलांना बाजूला सारून गादीवर आले. तेव्हा दक्षिणेकडच्या धोफार भागात बंड पेटले होते. ते मोडायला ब्रिटिश अधिकारी आणि एसएएसचे सैनिक सुलतानाच्या बाजूने लढले. मिरबातची प्रसिद्ध लढाई १९ जुलै १९७२ ची. अशा माणसांना आणि पाहुण्यांना सुलतान मनगटी घड्याळे देत. लंडनच्या ऍस्प्रे या दुकानामार्फत रोलेक्सची सबमरीनर, सी-ड्वेलर, डे-डेट, डेटोना ही घड्याळे मागवली जात. तबकडीवर ओमानचे राजचिन्ह असे: म्यानातला वाकडा खंजीर आणि त्यामागे आडव्यातिडव्या दोन तलवारी. काहींवर खंजिराऐवजी लाल रंगात काबूस यांची अरबी सही आहे.

आतले यंत्र मात्र इतर रोलेक्ससारखेच. किंमत वाढते ती त्या एवढ्याशा चित्रामुळे, आणि घड्याळ कुणाच्या मनगटावर होते यामुळे. अभिनेता पॉल न्यूमनचे स्वतःचे डेटोना २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात पावणेदोन कोटी डॉलरच्या वर गेले, तेही पोलादी!

इथेच फसवणूक शिरते. साध्या तबकडीवर खंजीर छापणे फार अवघड नाही. म्हणून जाणकार आधी पट्टा काढून कडेवर कोरलेले मॉडेल व अनुक्रमांक वाचतात, ते त्या वर्षांशी जुळतात का पाहतात. मग भिंगाखाली चिन्हाच्या रेषा. त्या काळच्या तबकडीच्या तळाशी 'स्विस'च्या दोन्ही बाजूंना बारीक 'टी' असतो, म्हणजे अंधारात चमकणाऱ्या रंगात ट्रिटियम आहे. हा रंग वर्षांनी पिवळसर पडतो. पांढरीशुभ्र चमक दिसली तर शंका घ्यावी.

आपल्या कपाटांत सुलतानाचे घड्याळ कुठले असायला! पण मुंबईहून आणलेले वेस्ट एंड किंवा फेवर-लूबा पुष्कळांकडे असेल. माझ्या वडिलांचे वेस्ट एंड मी एका दुकानात नुसते तेलपाणी करायला दिले. त्याने हौसेने पॉलिश केले आणि तबकडी नव्याने रंगवून दिली. पाठीवर वडिलांची आद्याक्षरे कोरलेली होती, ती घासून गेली. घड्याळ आजही वेळ बरोबर दाखवते, पण मी ते फारसे घालत नाही.

तेव्हा दुरुस्तीला देताना आधी फोटो काढा. तबकडी, काटे, केस यांना हात लावू नये असे चिठ्ठीवर लिहून घ्या. बदललेला जुना भाग परत मागा. पावती, खोका, सोबतचे पत्र जपा. पत्र नसेल तर ट्रंकेतले फोटो चाळा. मनगट दिसणारा एखादा सापडला तर तो घड्याळाबरोबरच ठेवा.