पात्याचा ताण, सांध्यांची खडखड

डीवॉल्ट कंपनीचं डीडब्ल्यू ७८८ हे लाकडात नक्षी कापणारं स्क्रोल सॉ यंत्र पूर्ण वेगात चालतं तेव्हा त्याचं जेमतेम एक मिलिमीटर रुंदीचं पातं मिनिटाला १,७५० वेळा खाली-वर होतं. प्रत्येक फेरीत ते दोनदा दिशा बदलतं, एकदा वर आणि एकदा खाली. तासभर काम केलं की ही उलटापालट दोन लाख दहा हजार वेळा होते आणि प्रत्येक वेळी यंत्राच्या भुजांना, त्यांच्या सांध्यांना, पातं धरणाऱ्या चिमट्यांना हिसका बसतो. ड्रिल किंवा गोल करवत एकाच दिशेनं फिरत राहते. स्क्रोल सॉच्या नशिबी तो आराम नाही.

या यंत्राची देखभाल आणि दुरुस्ती समजून घ्यायची तर या हिसक्यापासूनच सुरुवात करावी लागते. पातं सारखं तुटणं, चिमट्यातून निसटणं, नक्षीची रेघ फाटणं, यंत्र ठकठक वाजणं, टेबलासकट थरथरणं या तक्रारींचं मूळ बहुतेकदा एखाद्या सैल, कोरड्या किंवा झिजलेल्या भागात सापडतं. मोटर जळणं हे त्या मानानं विरळा. तरीही आवाज वाढला की यंत्र 'संपलं' असं समजून कोपऱ्यात ढकललं जातं. त्यातल्या कितीतरी यंत्रांना हवं असतं ते वंगण, नीट आवळलेले बोल्ट आणि थोडी साफसफाई. एलन कीचा संच, गुण्या, पॉलिश पेपर आणि ग्रीसची डबी असली की हे काम घरच्या बाकावर होतं.

दोन भुजांची युक्ती

लाकडाच्या पातळ फळीतून नागमोडी नक्षी कापण्याचा छंद जुना आहे. लंडनच्या जॉन स्पिल्सबरीनं १७६०च्या दशकात लाकडी फळीवर नकाशे चिकटवून देशांच्या सीमांवरून त्यांचे तुकडे कापले आणि मुलांना भूगोल शिकवण्यासाठी विकले. चित्रकोड्यांचा इतिहास तिथपासून सांगितला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पायानं चालवायची यंत्रं आली. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्डच्या बार्न्स बंधूंची पायडलची करवत प्रसिद्ध होती. इंग्लंडमध्ये नॉरफोक परगण्यातल्या डेरेहम गावातून १८९५मध्ये 'हॉबीज' हे साप्ताहिक निघू लागलं. त्यासोबत मिळणाऱ्या नक्षीच्या आराखड्यांवरून घरोघरी फळ्या कापल्या जात.

विजेवर चालणारी यंत्रं आली तेव्हा एक अडचण पुढे आली. विसाव्या शतकातल्या अनेक यंत्रांत वरची भुजा जागेवर घट्ट बसवलेली असे. मोटर पात्याला खाली ओढायची आणि वरची स्प्रिंग त्याला परत वर खेचायची. स्प्रिंग ताणली गेली की ताण वाढायचा, सैल झाली की कमी व्हायचा. दर फेरीला कमी-जास्त होणाऱ्या या ताणामुळे बारीक पाती पटापट तुटत.

१९७०च्या दशकात जर्मनीतल्या हेग्नर यंत्रांनी समांतर भुजांची रचना छंदवाल्यांपर्यंत नेली. वर एक आणि खाली एक अशा दोन भुजा एकाच वेळी, एकाच दिशेनं हलतात. मागच्या बाजूला त्यांना जोडणारा ताणाचा दांडा आणि पुढच्या टोकांना पातं, असा हलणारा चौकोन तयार होतो. चौकोनाच्या बाजूंची लांबी बदलत नसल्यामुळे पात्याचा ताण फेरीभर जवळजवळ सारखा राहतो. आजची साधी, स्वस्त यंत्रंसुद्धा बहुतेक याच तत्त्वावर चालतात. या रचनेला एक किंमत मात्र मोजावी लागते. चौकोनाला सांधे असतात आणि सांधे झिजतात.

चिमट्यापासून सुरुवात

दुरुस्तीची वाट पात्याकडून मागे मोटरकडे जाते. पातं निसटत असेल तर आधी चिमटा बघावा.

स्क्रोल सॉची पाती पाच इंच म्हणजे १२७ मिलिमीटर लांबीची असतात आणि ती दोन प्रकारची मिळतात. एका प्रकारात दोन्ही टोकांना आडवी पिन असते, दुसऱ्यात टोकं सपाट असतात. पिनचं पातं अडकवायला सोपं, पण पिन आत जाण्यासाठी भोक मोठं पाडावं लागतं. त्यामुळे नाजूक जाळीकाम करणारे सपाट टोकांच्या पात्यांकडे वळतात आणि तिथून चिमट्याचं महत्त्व सुरू होतं.

देवनागरीतली नावाची पाटी कापणाऱ्याला हे लवकर कळतं. शिरोरेषेमुळे अख्खं नाव एकसंध कापता येतं, ही आपल्या लिपीची मोठी सोय. पण 'प' आणि 'म' यांच्या पोटात एकेक बंद जागा असते, 'ब' आणि 'ष' यांच्या पोटात तिरपी रेघ असल्यानं दोन-दोन. अशा प्रत्येक जागेसाठी ड्रिलनं भोक पाडायचं, पात्याचं वरचं टोक सोडवायचं, ते भोकातून ओवायचं, पुन्हा चिमट्यात धरायचं आणि ताण द्यायचा. तुकडा कापून झाला की हाच क्रम उलटा. गणपतीच्या मखराची जाळी असेल तर चिमट्याचा स्क्रू एका बैठकीत शेकडो वेळा फिरतो.

इतक्या वापरानं स्क्रूचं टोक आणि समोरची बैठक घासून गुळगुळीत होतात आणि पकड जाते. चिमटा उघडून आत उजेड पाडला की दोन्ही पृष्ठभागांवर पात्याच्या रुंदीचा चकचकीत पट्टा दिसतो. बारीक पॉलिश पेपरची पट्टी आत सरकवून दोन-चार वेळा ओढली की तो खरबरीत होतो आणि पातं पुन्हा धरून राहतं. नव्या पात्यांवर गंज न चढावा म्हणून तेलाचा पातळ थर असतो. तेही निसटण्याचं कारण. पात्याची दोन्ही टोकं कापडानं पुसून पॉलिश पेपरवर हलकेच घासली की काम होतं. स्क्रू पक्कडीनं आवळण्याची सवय लागली की आटे जातात. हातानं आवळून पकड बसत नसेल तर चिमटा साफ करायला झालाय, असं समजावं.

ताण बरोबर आहे का, हे कान सांगतो. बोटाच्या नखानं पातं छेडलं की तंबोऱ्याच्या तारेसारखा स्वच्छ, टणक सूर निघायला हवा. बद्द आवाज आला तर पातं ढिलं आहे. ढिलं पातं कापताना मागे वाकतं, जाड लाकडात पोट काढतं आणि तापून तुटतं. काम संपल्यावर ताण सोडून ठेवावा, म्हणजे भुजा आणि सांधे विनाकारण ओढलेले राहत नाहीत.

जो दोष यंत्राचा नाही

नवशिक्यांची एक तक्रार हमखास असते: सरळ रेघ कापायला घेतली की पातं उजवीकडे पळतं. यंत्र खोलून पाहिलं तरी काही सापडत नाही, कारण दोष तिथे नसतोच. बऱ्याच पात्यांचे दात पाडताना एका बाजूला धातूची बारीक कोर राहते. ती बाजू जास्त चावते, म्हणून रेघ तिकडे झुकते. अनुभवी माणूस लाकूड थोडं तिरकं धरूनच पुढे ढकलतो आणि रेघ सरळ येते.

टेबल आणि पातं काटकोनात नसणं हा मात्र यंत्राचा दोष. टेबलाखालची अंशांची पट्टी फारशी भरवशाची नसते. लहान गुण्या पात्याला टेकवून पाहता येतं, पण त्याहून सोपी परीक्षा लाकडाच्या जाड तुकड्यावर होते. तुकड्यात पात्यानं जेमतेम खाच पाडायची, तुकडा मागे घ्यायचा, तसाच फिरवून पात्याच्या पाठीमागे न्यायचा आणि पातं त्या खाचेत वरपासून खालपर्यंत अलगद बसतं का ते पाहायचं. बसलं तर टेबल काटकोनात आहे. नाही बसलं तर जो फरक दिसतो तो मूळ चुकीच्या दुप्पट असतो, त्यामुळे बारीक चूकही डोळ्यांना दिसते.

ठकठकीचा माग

डीडब्ल्यू ७८८ वापरणाऱ्यांमध्ये एक आवाज ओळखीचा आहे. काही वर्षं चाललेलं यंत्र वेग वाढवला की ठकठकू लागतं. या यंत्राच्या पुढच्या लहान भुजा मागच्या जोडांड्यांनी चालतात आणि त्यांच्या सांध्यांत सुयांची बेअरिंग असतात: पोलादी कडीत गोलाकार मांडलेल्या बारीक सळ्या, त्यांच्यामध्ये पोलादी नळी आणि नळीतून जाणारा बोल्ट. आतलं ग्रीस सुकलं किंवा भुशात मिसळून घट्ट झालं की सळ्या फिरायच्या थांबतात आणि नळीवर आपटू लागतात.

आवाज नेमका कुठला, हे शोधायला आधी प्लग काढायचा. मग वरची भुजा चिमट्याजवळ धरून हलकेच खाली-वर आणि डावी-उजवीकडे हलवायची, दुसऱ्या हाताचं बोट एकेका सांध्यावर ठेवायचं. जिथे बोटाला टक्क असा धक्का जाणवतो, तो सांधा उघडायचा. बाजूची झाकणं काढली की जोडांडे दिसतात. प्रत्येक टप्प्यावर फोनमध्ये फोटो काढून ठेवला तर वॉशरचा क्रम चुकत नाही. बोल्ट काढून नळी बाहेर ओढली की निदान हातात येतं: नळीवर फक्त तपकिरी चिकटा असेल तर बेअरिंग शाबूत आहे, बोटाला लागतील असे उभे चरे असतील तर नळी आणि बेअरिंग दोन्ही बदलावी लागतात. शाबूत भाग रॉकेलनं धुऊन, पूर्ण वाळवून, सळ्यांच्या मधल्या फटींत लिथियम ग्रीस बोटानं दाबून भरायचं. बसवताना बोल्ट इतकाच आवळायचा की भुजा अडखळत नाही आणि डुलतही नाही.

पात्यामागे सोळा इंच जागा असलेल्या स्वस्त यंत्रांची पद्धत वेगळी. त्यांच्या भुजा पितळी किंवा तत्सम बुशांवर डुलतात. अशा अनेक यंत्रांच्या माहितीपुस्तिकांत एक उपाय सांगितलेला असतो: यंत्र कुशीवर आडवं करायचं, सांध्यावरचं टोपण काढून एसएई २० प्रतीचं तेल सोडायचं, रात्रभर मुरू द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुशीवर तेच करायचं. दरवाज्यांच्या बिजागऱ्यांवर मारायचा फवारा इथे चालत नाही. तो गंज सोडवतो, पण लवकर उडून जातो आणि सांधा पुन्हा कोरडा पडतो.

थरथर हा वेगळा विषय. हलक्या टेबलावर मोकळं ठेवलेलं कोणतंही स्क्रोल सॉ थरथरणारच. जाड प्लायच्या भक्कम घोडीवर बोल्टनं आवळलं आणि घोडीचे चारही पाय जमिनीला टेकले की बराच फरक पडतो. त्यानंतरही थरथर राहिली तर सांधे तपासायचे.

वीज, भुसा आणि पावसाळा

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आणलेली यंत्रं महाराष्ट्रात वेगळ्याच कारणानं बिघडतात. तिथली वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची, आपली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. थेट प्लग लावला तर वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट क्षणात जळतं. दाब कमी करणारा ट्रान्सफॉर्मर हवाच. १.३ अँपिअर घेणाऱ्या यंत्राला साधारण १५६ वॉट लागतात, तेव्हा ट्रान्सफॉर्मर ३०० व्हीए किंवा त्याहून मोठा घ्यावा. एकाच वेगाच्या इंडक्शन मोटरला ट्रान्सफॉर्मर लावला तरी हर्ट्झ बदलत नाहीत. ती सुमारे सतरा टक्के हळू फिरते आणि जास्त तापते, म्हणून तिला मधूनमधून विश्रांती द्यावी लागते.

भुसा फुंकणारा रबरी भाता हा बहुतेक यंत्रांतला सर्वांत कच्चा भाग. काही वर्षांत त्याला चिरा पडतात, हवा येत नाही आणि रेघ भुशाखाली दडते. मूळ भाग मिळाला नाही तर माशांच्या टाकीचा छोटा पंप आणि पातळ नळी हा अनेकांनी अवलंबलेला उपाय आहे. भुसा मोटरच्या जाळीत आणि स्विचमध्येही साचतो. तो ब्रशनं आणि व्हॅक्यूम क्लीनरनं ओढून काढावा. जोरानं फुंकला तर आणखी आत जातो. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवते, असं वर्गीकरण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५मध्येच केलं आहे. यंत्र साफ करतानाही मास्क लावायला हवा.

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर ओतीव लोखंडाच्या टेबलावर तपकिरी ठिपके उठतात. बारीक पॉलिश पेपरनं ते काढून मेणाचा पातळ थर चढवला आणि सुकल्यावर कापडानं घासला तर गंज रोखला जातो आणि लाकूडही सहज सरकतं. सिलिकॉन असलेलं पॉलिश टाळावं. त्याचा अंश लाकडात उतरला की वर लावलेलं वॉर्निश ठिकठिकाणी आकसतं. पाती घट्ट झाकणाच्या बाटलीत, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावीत.

जुनं यंत्र घेताना

इतकं कळलं की जुनं यंत्र विकत घेण्याची भीती उरत नाही. प्लग न लावता भुजा हलवून पाहावी, दोन्ही चिमट्यांचे आटे तपासावेत, टेबल झुकवून पुन्हा काटकोनात येतं का ते बघावं. मग नवं पातं लावून यंत्र सर्वांत कमी वेगावर सुरू करावं आणि हळूहळू वेग वाढवावा. थरथर किती आहे हे कळायला टेबलावर नाणं कडेवर उभं करून पाहण्याची जुनी युक्ती इथे उपयोगी पडते. आवाज वेगाबरोबर नियमित वाढत असेल तर तो सांध्यांचा आहे आणि दुरुस्त होतो. किंमत कमी करून घ्यायला ते चांगलं कारण आहे. वेग मध्येच आपोआप कमी-जास्त होत असेल किंवा जळका वास येत असेल तर बिघाड सर्किटचा किंवा मोटरचा असतो. तो भाग भारतात मिळेल का, हे विचारल्याशिवाय व्यवहार करू नये. ओतीव चौकटीला तडा गेला असेल तर ते यंत्र फक्त सुट्या भागांच्या भावानं घ्यावं. त्याचे चिमटे, जोडांडे आणि नळ्या त्याच मॉडेलच्या दुसऱ्या यंत्राला अजून बरीच वर्षं पुरतात.