पोहायला शिकताना : डबा, भोपळा की बिंडा?

शिरूरची मुले घोड नदीत, दौंडची भीमेत, आणि दोन्हीकडची कित्येक विहिरीत पोहायला शिकतात. पहिल्या दिवशी पाठीला काहीतरी बांधतात : वाळलेला भोपळा, पांगाऱ्याच्या लाकडाचा बिंडा, नाहीतर तेलाचा रिकामा डबा. यांतले कोणते घ्यावे? हाताला लागेल ते, असे पुष्कळजण म्हणतील. तुम्ही मात्र आधी थोडा हिशेब करा.

छातीत हवा भरून घेतली की माणूस पाण्यात जेमतेम तरंगतो. पण श्वास घ्यायला तोंड वर हवे. पाण्याबाहेर आलेल्या भागाला पाणी आधार देत नाही; डोक्याचे सुमारे 4 किलो वजन दुसऱ्या कशाने तरी पेलले पाहिजे.

5 लिटरचा बंद डबा पूर्ण बुडाला, तर 5 किलो पाणी बाजूला सारतो. आर्किमिडीजच्या नियमाने तेवढाच जोर त्याला वर ढकलतो. डब्याचे स्वतःचे अर्धा किलो वजा करा, उरले साडेचार. काम भागले! पांगाऱ्याची घनता पाण्याच्या सुमारे तीन-दशांश. म्हणजे तेवढ्याच जोरासाठी साडेसहा लिटर आकारमानाचे, दोनेक किलोचे लाकूड लागेल. अवजड खरे, पण लाकडाला भोक पडले तरी ते तरंगतेच. डब्याला पडले, की संपले. भोपळा सर्वांत हलका, पण काठावर आपटला की फुटतो. ट्रॅक्टरची ट्यूब या यादीत मी घेतच नाही. ती अंगाला बांधलेली नसते आणि हातातून निसटते.

डबा घेणार असाल तर त्याची परीक्षा घ्या. त्याला 6 किलोचा काळा दगड बांधून हौदात सोडा. 4 किलोचा का नाही? दगडही पाणी सारतो. 6 किलोचा काळा दगड पाण्यात सुमारे 4 किलोच भरतो. अर्ध्या तासाने डबा तरंगत असेल आणि आत पाणी खळखळत नसेल, तर तो चांगला.

बांधायचा काखेखालून, पाठीच्या वरच्या भागावर. कमरेवर घसरला तर कंबर वर येते आणि तोंड पाण्यात जाते! म्हणून गाठ मोठ्यांकडून तपासून घ्या. पोहणारा मोठा माणूस जवळ हवाच. नदीत वाळू काढलेले खड्डे वरून दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यातून पुढचे पाऊल थेट डोहात पडते.

बिंड्यांची एक सोय मला फार आवडते. दोन-तीन लहान बिंडे दोरीत ओवले, तर हात-पाय चालू लागतील तसा एकेक काढून टाकता येतो.