पॉइंट हा नाशवंत माल

रावेरहून मुंबई रेल्वेने पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास. हा प्रवास आपण रात्री बर्थवर आडवे होऊन करतो. मुंबईहून न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे पंचवीस पटींहून जास्त. तो मात्र आपल्याकडची साठी-सत्तरीची माणसे सोळा-सोळा तास बसून करतात.

माझी आई पहिल्यांदा अमेरिकेला गेली ती माझ्या बहिणीच्या बाळंतपणाला. सामानात डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, कळण्याचे पीठ आणि उडदाचे पापड. विमानात मधली सीट मिळाली. शेजारच्याला उठवायचे कसे या संकोचाने ती जागची हलली नाही आणि बाथरूमला जावे लागू नये म्हणून पाणीही प्यायली नाही. उतरताना पायांना इतकी सूज होती की चपला चढेनात. बाळंतिणीची सेवा करायला गेलेल्या बाईचे पाय बाळंतिणीने पहिले चार दिवस शेकले. तीन वर्षांनी ती पुन्हा गेली, तेव्हा बहिणीने तिला बिझनेस क्लासमधून नेले. सीट पलंगासारखी सपाट होते, पांघरूण असते, उठायला कुणाची परवानगी लागत नाही. तिकिटाचे पैसे ऐकून आईने नकारच दिला असता. “पॉइंटवर काढलंय” असे सांगितल्यावर ती तयार झाली.

हे पॉइंट म्हणजे काय, ते कुठून येतात आणि रावेर-सावदा-फैजपूरच्या घरांना त्यांचा उपयोग कसा होईल, याचा शोध मी त्या प्रवासापासून घेतो आहे.

अमेरिकन एअरलाइन्सने आपली अॅडव्हांटेज योजना सुरू केली १ मे १९८१ रोजी, आपल्या महाराष्ट्र दिनी. जितके मैल उडाल तितके मैल खात्यावर, आणि पुरेसे साठले की फुकट तिकीट, इतका साधा हिशेब होता. युनायटेडने आठवडाभरात आपली योजना आणली. अमेरिकेतल्या मराठी मंडळांची शिखर संस्था असलेले बृहन्महाराष्ट्र मंडळही १९८१चेच. तेव्हा तिकडे गेलेला मराठी माणूस आईवडिलांना एकदा बोलवायचे तर वर्षभर पैसे साठवायचा. आज त्याच्या पुढच्या पिढीच्या हातात पॉइंट आहेत, आणि त्यांतले बहुतेक विमानात बसून मिळालेले नाहीत. ते क्रेडिट कार्डावरच्या किराण्याचे, विम्याचे, पाळणाघराच्या फीचे आहेत. विमान कंपनी मैल छापते आणि बँकांना विकते. बँक ते ग्राहकाला देते. हा धंदा केवढा मोठा आहे हे २०२० साली उघड झाले. कोरोनात विमाने जमिनीवर उभी असताना युनायटेडने कर्जासाठी आपली मायलेजप्लस योजना तारण ठेवली. तिची किंमत धरली गेली जवळपास २२ अब्ज डॉलर, शेअर बाजारात तेव्हा अख्ख्या कंपनीची होती त्याहून जास्त. सातबाऱ्यावर बोजा चढवणे आपल्याला ठाऊक आहे. तिथे बोजा चढला तो प्रवाशांना दिलेल्या आश्वासनांवर.

आणि इथेच केळीवाल्याने कान टवकारावेत. बोर्डावर लागलेला भाव एक आणि बांधावर हातात पडणारा दुसरा, हे रावेर तालुक्याला कुणी शिकवायला नको. नवती, पिलबाग, वापसी, केळीच्या प्रत्येक प्रतीचा दर वेगळा, आणि तो ठरवण्यात आपला हात नसतो. पॉइंटचेही तसेच आहे. डेल्टाने २०१५ साली कोणत्या प्रवासाला किती मैल लागतील हा तक्ताच काढून टाकला. युनायटेडने २०१९च्या नोव्हेंबरात आपल्या विमानांसाठी तेच केले. एअर इंडियाच्या योजनेत २०२४पासून पॉइंट अंतरावर न मिळता तिकिटाच्या रकमेवर मिळू लागले. भाव बदलण्याआधी प्रवाशाला विचारले जात नाही. जेट एअरवेजचे शेवटचे विमान १७ एप्रिल २०१९ रोजी उडाले. योजना पुढे इंटरमाइल्स या नावाने चालू राहिली, पण ज्यांनी जेटच्याच पुढच्या सीटसाठी मैल राखून ठेवले होते, त्यांच्यापुरते ते विमानच उरले नाही. त्याआधी २०१२ साली किंगफिशर बंद पडली, तेव्हाही माणसे साठवलेल्या पॉइंटांकडे बघत राहिली.

म्हणून माझे मत ठाम आहे. पॉइंट हा नाशवंत माल आहे. तयार घड बागेत ठेवून कुणी श्रीमंत झालेला नाही. सिंगापूर एअरलाइन्सचे मैल तीन वर्षांनी संपतात, एअर कॅनडाच्या एरोप्लानमध्ये १८ महिने काहीच हालचाल नसेल तर जातात. जे संपत नाहीत त्यांचे मोल कमी होत जाते.

आता कापणीची रीत. बँकेचे पॉइंट बँकेतच ठेवावेत, कारण तिथून ते अनेक विमान कंपन्यांकडे वळवता येतात. एकदा वळवले की परत येत नाहीत. आधी सीट शोधावी, ती मिळते आहे याची खात्री करावी, मगच वळवावेत. हा क्रम चुकल्यामुळे लाखभर पॉइंट भलत्याच कंपनीत अडकवून बसलेली माणसे मी पाहिली आहेत.

दुसरी गोष्ट, ज्या कंपनीच्या विमानात बसायचे तिचेच पॉइंट लागतात असे नाही. एअर इंडिया ११ जुलै २०१४ रोजी युनायटेड आणि एअर कॅनडा असलेल्या स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या संघात आली. त्यामुळे मुंबई किंवा दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या तिच्या विमानातली सीट, मोकळी असेल तर, युनायटेडच्या किंवा एरोप्लानच्या मैलांवर काढता येते. अमेरिकेतल्या मुलाकडे कार्डाचे पॉइंट असतात. ते तो एरोप्लानकडे वळवतो आणि तिकीट आईच्या नावाने काढतो. आईचे कुठेही खाते लागत नाही. सिंगापूरवाल्यांचा नियम मात्र कडक आहे, तिथे आधी नोंदवलेल्या पाच माणसांसाठीच तिकीट निघते. एका बाजूच्या बिझनेस सीटला अनेक योजनांत लाखाच्या आगेमागे पॉइंट पडतात. त्याशिवाय कर रोख भरावे लागतात, आणि काही कंपन्या त्यात इंधन अधिभार घालतात. एरोप्लान आणि युनायटेड तो घेत नाहीत. ब्रिटिश एअरवेज आणि व्हर्जिन अटलांटिक भरपूर घेतात. तिकीट ‘फुकट’ म्हणण्याआधी ही रोख रक्कम बघावी.

सीट मिळणे हा खरा कस. कंपनी पॉइंटवर देते त्या मोजक्याच सीटा. त्या दोन वेळा दिसतात: प्रवासाच्या अकरा-बारा महिने आधी, विक्री उघडताना, आणि शेवटच्या पंधरवड्यात, विकल्या न गेलेल्या. बाळंतपणाची तारीख वर्षभर आधी कुणाला ठाऊक असणार? पण पॉइंटचे तिकीट बहुधा ठरलेली फी भरून रद्द करता येते आणि पॉइंट परत मिळतात. शिवाय जाण्याचे आणि येण्याचे तिकीट वेगवेगळे काढले तरी तोटा होत नाही. रोखीत एकेरी तिकीट अनेकदा अवाच्या सवा महाग पडते. पॉइंटमध्ये ते बहुतेक ठिकाणी सरळ निम्मे असते. नातवंडात मन गुंतलेल्या आजीची परतीची तारीख पुढे सरकते, त्या घराला ही सोय फार मोठी.

भारतातल्या कार्डांचे काय? आपल्याकडेही विमान कंपन्यांकडे पॉइंट वळवता येणारी कार्डे आहेत, आणि पुण्यात नोकरी करणारी आपली मुले ती वापरतात. पण महिन्याचे बिल पूर्ण भरणाऱ्यानेच या वाटेला जावे. थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते, वर्षाचे चाळीसच्या वर. किसान क्रेडिट कार्डावर वेळेत परतफेड करणाऱ्या शेतकऱ्याला तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज चार टक्क्यांनी पडते, आणि राज्याच्या पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेने तेही व्याज माफ होते. ठिबकच्या नळ्या आणि खते पॉइंटसाठी महागड्या कार्डावर उधार घेणे म्हणजे विहीर विकून मोट घेणे. पॉइंट पगारदार लेकरांनी साठवावेत, शेतीने नव्हे.

एवढा खटाटोप करायचा की सरळ पैसे टाकून तिकीट घ्यायचे? २२ सप्टेंबर २०२५ पासून बिझनेस क्लासच्या तिकिटावर जीएसटी १२ टक्क्यांवरून १८ झाला. इकॉनॉमीवर तो ५ आहे. रोखीने ही सीट घेणे मध्यम घराच्या आवाक्याबाहेरच आहे.

आजाराबद्दल खरे तेच सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७च्या अभ्यासात दिसले की चार तासांहून जास्त प्रवासाने पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुपटीच्या आसपास वाढतो. निरोगी माणसात तो सहा हजारांत एक असा असतो. कारण न हलणे, मग बस असो, रेल्वे असो की विमान. त्यामुळे इकॉनॉमीत जाणाऱ्याने घाबरू नये. पाणी प्यावे, दर तासा-दोन तासांनी उठावे, कडेची सीट मागून घ्यावी. आणि बिझनेसमध्ये झोपणाऱ्यानेही पाय हलवावेत. पण गुडघे झिजलेल्या, मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्या माणसासाठी सपाट सीट ही चैन आहे असे मला कुणी सांगू नये. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय विमानांना बंद झाली. उत्तरेकडून जाणाऱ्या काही उड्डाणांचा प्रवास लांबला, वाटेत उतरूनही जावे लागले. म्हाताऱ्या पाठीला असा प्रत्येक तास जड जातो.

व्हीलचेअर मात्र पॉइंटच्या तिकिटावरही वेगळी मागून नोंदवावी लागते. फेब्रुवारी २०२४मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईला उतरलेले ऐंशी वर्षांचे एक गृहस्थ पत्नीला मिळालेल्या एकाच व्हीलचेअरबरोबर चालत निघाले आणि विमानतळावरच कोसळले; त्यातच त्यांचा मृत्यू झाला. विमान वाहतूक नियामकाने एअर इंडियाला ३० लाखांचा दंड केला. उतरल्यावर दारात चेअर दिसली नाही, तर तिथेच थांबायचे, चालू लागायचे नाही, असे आईवडिलांना निघण्याआधी बजावून ठेवा.

रावेरकरांसाठी आणखी दोन बाबी. तिकिटावरचे नाव पासपोर्टबरहुकूम हवे; आधारवर एक, पासपोर्टवर नवऱ्याच्या नावासकट दुसरे, असे आपल्या बायकांच्या बाबतीत सर्रास होते. आणि मुंबईपर्यंतचा प्रवास वेगळ्या तिकिटाचा असतो. जळगावहून २०२४पासून पुन्हा विमाने उडू लागली, तरी गाडी किंवा ते छोटे विमान उशिरा पोहोचले तर पुढचे विमान तुमच्यासाठी थांबत नाही, आणि त्याची जबाबदारीही कुणी घेत नाही. एक दिवस आधी मुंबई गाठावी.

जून २०२१मध्ये आपल्या तालुक्यातल्या तांदलवाडीची भौगोलिक मानांकन मिळालेली २२ टन केळी दुबईला गेली. फण्या धुऊन, खोक्यांत अंथरून, गारव्यात, दाब लागू नये अशा बेताने. ती केळी पिकवून लेकरांना परदेशी धाडणाऱ्या माणसांनाही प्रवासात तेवढी काळजी मिळावी.

दिवाळीत मुलामुलींचा फोन आला की पॉइंट किती साठलेत ते विचारा. पुढच्या दिवाळीच्या सीटा अकरा-बारा महिने आधीच उघडतात.