यवतमाळच्या आभाळातले टप्पे

दिल्लीच्या विमानतळापासून हैदराबादच्या विमानतळापर्यंत नकाशावर पट्टीने रेघ ओढली, तर ती यवतमाळ शहराला जवळजवळ चाटून जाते. म्हणून आभाळात पांढरी रेघ उमटली की विमान सरळ हैदराबादला निघालं, असं आपण धरून चालतो. पण प्रवासी विमान सहसा एकच रेघ धरून जात नाही. त्याचा मार्ग ठरावीक बिंदूंनी विभागलेला असतो. दोन बिंदूंमधला तुकडा म्हणजे टप्पा, वैमानिकांच्या बोलण्यात ‘लेग’.

टप्पा म्हणजे मध्ये उतरणं, हा समज अगदीच निराधार नाही. ३० जानेवारी १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली टपाल विमानं मध्यरात्री नागपुरात उतरत आणि थैल्यांची अदलाबदल करून परतत. तिथे टप्पा म्हणजे खरोखरच थांबा होता. आजचे बहुतेक टप्पे हवेतच सुरू होतात आणि हवेतच संपतात. त्यांच्या टोकांना नेहमी मनोरा किंवा दिवा असतो असंही नाही. नागपूरला रेडिओ केंद्र आहे, पण बरेचसे बिंदू म्हणजे नुसते अक्षांश-रेखांश आणि पाच अक्षरी नाव. खाली कपाशीचं शेतही असू शकतं.

मग ही विभागणी कशासाठी? प्रत्येक टप्प्याची दिशा, अंतर, सुरक्षित किमान उंची, वारा आणि इंधन यांचा हिशेब वेगळा मांडता येतो, म्हणून. जमिनीच्या मानाने ताशी ८४० किलोमीटर वेग असेल, तर १४० किलोमीटरच्या टप्प्याला दहा मिनिटं लागतात. बिंदू गाठला की वेळ आणि उरलेलं इंधन योजनेशी ताडून पाहतात. तफावत टप्प्यागणिक वाढत गेली, तर वैमानिकाला ती मुक्कामाच्या कितीतरी आधी कळते. या पद्धतीचं मोल मला इथेच सर्वांत जास्त वाटतं.

टप्प्याच्या दिशेवरून विमानाची उंचीही ठरते. दोन विमानं आभाळात एकमेकांवर येताना दिसली की जीव धसकतो. पण २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात उंचीच्या लागोपाठच्या दोन पातळ्यांत १,००० फुटांचं अंतर असतं. साधारण नियमाने पूर्वेकडच्या दिशांना ३३, ३५ अशा विषम हजारांची उंची मिळते, पश्चिमेकडच्यांना ३४, ३६ अशा सम हजारांची.

वरच्या या वाहतुकीचं नियंत्रण यवतमाळच्या धावपट्टीवरून होत नाही. जिल्हा मुंबईच्या उड्डाण माहिती क्षेत्रात येतो. आणि आखलेले टप्पे अटळही नसतात. मार्ग मोकळा असेल, तर नियंत्रक मधले बिंदू गाळून थेट पुढच्या बिंदूकडे जायला सांगतो. त्यामुळे तेच विमान आज दारव्ह्यावरून, तर उद्या यवतमाळवरून गेलेलं दिसू शकतं.