अलिशाच्या कॅसेटवर आजी

‘अलिबागसे आया है क्या?’

मास कॉमच्या पहिल्या दिवशी ओळखपरेड चालू होती. मी गावाचं नाव घेतलं आणि मागच्या बाकावरून हा डायलॉग आलाच. सगळे हसले, मीही हसले. त्याच आठवड्यात हॉस्टेलवर आवडत्या गाण्यांचा विषय निघाला, तेव्हा मी बिनदिक्कत ‘कोल्डप्ले’ ठोकून दिलं. खरं उत्तर होतं अलिशा चिनॉय आणि वेसावकर मंडळी. म्हणजे डबल डाऊनमार्केट! (2019 मध्ये या डायलॉगवर बंदी आणा म्हणून एक अलिबागकर थेट हायकोर्टात गेला. विनोद सगळ्याच समाजांवर होतात, मनाला लावून घेऊ नका, असं सांगून कोर्टानं याचिका फेटाळली. असो.)

नव्वदच्या दशकातल्या पॉपची टिंगल करायला फार अक्कल लागत नाही. चमचमती जॅकेट्स, धुराचे लोट, पंख्यापुढे उडवलेले केस... पण 1991 नंतर घरोघरी केबल आली, 1994 ला चॅनल व्ही, 1996 ला एमटीव्ही इंडिया. सिनेमा नाही, हिरॉइन नाही, तरी एखादी गायिका स्वतःच्या नावावर कॅसेट खपवू शकते, हे आपल्याकडे तेव्हा नवीनच होतं. 1995 ला बिद्दूच्या संगीतातलं ‘मेड इन इंडिया’ आलं आणि आमच्या खारेपाटातल्या घरात मामेबहीण, म्हणजे माझी ताई, बिघडली. कॅसेट अलिबागहून आणलेली. दिवसातून दहा वेळा वाजायची. व्हिडिओत लाकडी पेटाऱ्यातून बाहेर येणारा मिलिंद सोमण आपला मराठी आहे, याचा तिला कोण अभिमान! आजीचं म्हणणं एवढंच, ‘ही बाय दम कवा घेते गो?’

आजीला विचारायचा हक्क होता, कारण ती स्वतः गाणारी होती. आमच्या आगरी लग्नांत धवलारीण धवले गाते, एकेका विधीला वेगळा धवला. आजी आसपासच्या चार गावांत जायची. वही नाही, कागद नाही, सगळं पाठ.

याच काळात दुसरं पॉप जोरात होतं, कोळीगीतांचं. इथे मला जरा भांडायचंय. शांता शेळक्यांनी ‘मी डोलकर’ लिहिलं, हृदयनाथांनी चाल दिली, लताबाई आणि हेमंतकुमार गायले आणि ते दिवाणखान्यात मानानं बसलं. तोच समुद्र, तीच होडी. पण वेसाव्याच्या कोळ्यांनी ‘वेसावची पारू’ स्वतःच्या गळ्यानं गायल्यावर मात्र शहरातल्या लोकांनी नाकं मुरडली. कीबोर्ड वाजला म्हणून? की गाणारे खरेच कोळी होते म्हणून?

गंमत म्हणजे इंडीपॉप 2000 नंतर आटत गेलं. एमपीथ्रीच्या सीड्या आल्या, कंपन्यांनी पैसा सिनेमाकडे वळवला. ज्या गाण्याला टीव्हीशिवाय दुसरी जागाच नव्हती, ते टीव्हीवरून उतरलं की संपलं. कोळीगीतांना हळद होती. आमच्याकडे लग्नापेक्षा हळदीला गर्दी जास्त, आणि बेंजो पार्टीनं ‘पारू’ सुरू केली की ऐंशीची म्हातारीपण कमरेला पदर खोचते. ती गाणी अजून कमावून खातायत!

पण एक गोष्ट कबूल करायला हवी. या बेंजोच्या आवाजात धवले बुडाले. मंडपात आजी गायला बसायची आणि बाहेरून कोणीतरी ओरडायचं, ‘आवरा ओ लवकर, पार्टीवाले थांबलेत.’ शेवटची काही वर्षं ती गेलीच नाही कुठे. 2009 मध्ये वारली.

आता कॅसेटची गोष्ट. 1998 मध्ये धाकट्या मावशीचं लग्न होतं. मी तेव्हा पाळण्यात. मामाला आजीचे धवले टेप करायचे होते आणि ऐनवेळी कोरी कॅसेट मिळेना. त्यानं ‘मेड इन इंडिया’ घेतली, वरच्या खाचेत कागदाचा बोळा कोंबला (विकतच्या कॅसेटवर रेकॉर्डिंग करायचा हा तेव्हाचा फंडा) आणि बटण दाबलं. ताई आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही.

गेल्या मे महिन्यात भाच्याची हळद होती, म्हणून मी मांडव्याची बोट पकडून गावी गेले. दुपारी ताईनं ट्रंकेतून ती कॅसेट काढली. खाऱ्या हवेनं टेपवर बुरशी धरलेली. स्पिरिटच्या बोळ्यानं हेड पुसलं, पेन्सिलीनं टेप ताणून घेतली आणि लावली. आधी नुसती खरखर, कोणाचं तरी पोर रडतंय (मीच असणार), भांड्यांचा आवाज आणि मग आजी. थोडी घोगरी, अजिबात घाई नसलेली. आमच्याकडे तिच्या आवाजाचं हे एकच रेकॉर्डिंग आहे. मी मोबाइल टेपरेकॉर्डरला चिकटवून श्वास रोखून बसले.

अकराव्या मिनिटाला खट् आवाज झाला. आजीचा धवला अर्ध्यातच तुटला आणि तिच्या जागी अलिशा जोरात सुरू झाली, तीही मधूनच.

ताई क्षणभर गप्प बसली, मग फस्सकन हसली. ‘बंद नको करूस,’ ती म्हणाली, ‘माझं अर्धं गाणं राहिलंय.’